'नाइट'ला मराठीत काय म्हणावं : सरदार, मानकरी की शिलेदार?

प्रश्न :
भाचरांसाठी आर्थर राजाच्या गोष्टी मराठीत लिहून काढते आहे आणि दोन शब्दांशी अडले आहे. 'नाइट'ला, म्हणजे राजाच्या पदरच्या घोडेस्वार योद्ध्याला, काय म्हणू? आणि हिरव्या नाइटच्या गोष्टीत राजाचं जे पणाला लागतं ते काय? मान, प्रतिष्ठा, इभ्रत की अब्रू?

प्रतिसाद :
सरळ 'सरदार' लिहा, मुलांना लगेच कळेल. 'मानकरी'सुद्धा शोभेल. दरबारात ज्यांना मान, ते मानकरी.

प्रतिसाद :
मानकरी नको. त्याचं कारण आर्थर आणि त्याचे नाइट ज्याभोवती बसत, त्या गोल मेजातच आहे. वास नावाच्या नॉर्मन कवीनं ११५५ साली या मेजाचा उल्लेख केला, आजवर सापडलेला तो पहिलाच. आर्थरच्या पदरचा जो तो स्वतःलाच सगळ्यांत थोर समजे, म्हणून राजानं मेज गोल करवलं, असं तो सांगतो. कुणी वर नाही, कुणी खाली नाही. आपला मानकरी म्हणजे ज्याची बैठक ठरलेली, विडा ठरलेला. हे मानपानच तर त्या मेजानं मोडलं!

'सरदार' चुकीचा नाही, पण त्यात 'सर' म्हणजे डोकं आहे. माणूस कुणाच्या वर आहे, ते हा शब्द सांगतो. 'नाइट' उलट बाजूनं आला. जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ पोरगा, चाकर. जर्मनमधला त्याचा भाऊबंद 'क्नेख्त' आजही गडीमाणूसच आहे. (आपला 'गडी' तर चाकरही आणि खेळातला सोबतीही. फार सुंदर शब्द आहे, पण इथे बसणार नाही.)

माझं मत 'शिलेदार'ला. अरबी 'सिलाह' म्हणजे हत्यार, त्याला फारसी 'दार' लागला. मराठी फौजेत बारगिराला घोडा सरकारातून मिळे, शिलेदार स्वतःचा घोडा आणि स्वतःची हत्यारं घेऊन चाकरीला येई. नाइटचंही बहुतेक असंच. फ्रेंच 'शेवालिए'त तर घोडाच आहे, आणि बुद्धिबळातल्या नाइटला आपण घोडाच म्हणतो.

पण मला हा शब्द पटतो तो आणखी एका कारणानं. ज्याचा घोडा स्वतःचा, तो घोड्यासकट निघूनही जाऊ शकतो. आर्थरचा सगळ्यांत नावाजलेला नाइट लान्सलॉट तेच करतो. राणीवरून बिनसतं, तेव्हा तो आपल्या भाऊबंदांना घेऊन आधी स्वतःच्या गढीत आणि मग समुद्रापार फ्रान्सात जातो, आणि मेज दुभंगतं. राजाची सगळी भिस्त ज्यांच्यावर, त्यांना बांधून ठेवायला त्याच्याकडे त्यांनी दिलेल्या शब्दापलीकडे काही नाही. 'शिलेदार'मध्ये हा आधारही आहे आणि ही धास्तीही.

आता दुसरा शब्द. तिथे बिनधास्त 'अब्रू' लिहा. हिरव्या नाइटची गोष्ट ज्यात आहे ते काव्य चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं, कवीचं नाव उरलेलं नाही. नववर्षाच्या मेजवानीत हिरवा स्वार हिरव्या घोड्यावरून थेट दालनात शिरतो. माझ्यावर कुऱ्हाडीचा एक घाव घाला, वर्ष आणि एक दिवसानं मी तो परत करीन, म्हणतो. कुणी हूं की चूं करत नाही. मग तो हसतो : ज्याची कीर्ती एवढी ऐकली ते आर्थरचं घर हेच का? त्यावर शरमेनं राजाच्या गोऱ्या चेहऱ्यावर रक्त चढतं, असं कवी लिहितो. आणि फारसीत 'आब' म्हणजे पाणी, 'रू' म्हणजे चेहरा. अब्रू म्हणजे चेहऱ्यावरचं पाणी! 'प्रतिष्ठा' लिहिलीत तर तो चेहराच दिसेनासा होईल.

राजा स्वतः कुऱ्हाड उचलतो, तेव्हा गवेन उठतो. मी सगळ्यांत दुबळा, माझा जीव गेला तर सगळ्यांत कमी नुकसान, तुम्ही माझे मामा एवढीच माझी थोरवी, असं म्हणून तो ती कुऱ्हाड मागून घेतो. गवेन आर्थरच्या बहिणीचा मुलगा. तुमच्या भाचरांसाठी तिथे 'महाराज' नको, 'मामा'च असू द्या.

प्रतिसाद :
'ब्रीद' राहिलं. अब्रू त्या क्षणी जाते की राहते, ब्रीद मात्र आधीच जगजाहीर केलेलं असतं. संत विठ्ठलाला त्याच्या ब्रीदाची आठवण देतात, तसंच तो हिरवा स्वार आर्थरला देतो. घराच्या कीर्तीचं वाक्य येईल तिथे 'कुठे गेलं तुमचं ब्रीद?' असं लिहून पाहा.

प्रश्नकर्ती :
मामा आणि ब्रीद, दोन्ही घेतले. आता शेवट. जखमी राजा आपल्या बेडिव्हियर नावाच्या नाइटला तलवार पाण्यात टाकायला सांगतो. तो दोनदा ती लपवतो, टाकली म्हणून खोटं सांगतो, आणि तिसऱ्यांदा खरंच टाकतो. याला 'निष्ठावान' म्हणू का?

प्रतिसाद :
नका म्हणू. निष्ठावान माणूस दोनदा खोटं बोलत नाही. आपण इमानाला 'जागतो', खाल्ल्या मिठाला 'जागतो'. त्याला दोनदा तलवारीच्या रत्नजडित मुठीची भूल पडली. तिसऱ्या खेपेला तो जागला, एवढंच लिहा.