शनिवारचा सिनेमा: 'लव्ह मी टुनाईट' की 'टॉप हॅट'?

ए-१०२ (सेक्रेटरी): शनिवारी रात्री ८ वाजता क्लबहाउसमध्ये प्रोजेक्टर लावतोय. सिनेमा ठरायचाय, नावं सुचवा.

बी-७०२ (काका): माझं मत 'लव्ह मी टुनाईट'ला. १९३२ चा, दिग्दर्शक रूबेन मामुलियन. मोरिस शेव्हालिए पॅरिसचा शिंपी, जेनेट मॅकडोनल्ड राजकन्या.

सी-३०४: काका, इतका जुना? मुलं दहा मिनिटांत उठून जातील.

बी-७०२ (काका): सुरुवात तर बघू दे त्यांना! पहाटेचं पॅरिस. रस्त्यावर मजूर कुदळ मारतोय. मग कुणाचा झाडू, कुणाचं घोरणं, चांभाराची ठोकाठोक, सतरंज्या झटकणाऱ्या बायका. एकेक आवाज येऊन मिळतो आणि बघता बघता अख्खी गल्ली ताल धरते. मामुलियन रंगभूमीवरून आलेला, ही करामत त्याने आधी नाटकात केली होती.

पुढचं गाणं तर विचारूच नका. शिंपी दुकानात गातो, ती चाल गुणगुणत गिऱ्हाईक बाहेर पडतं. टॅक्सीवाला ती उचलतो. टॅक्सीतला संगीतकार आगगाडीत बसून लिहून काढतो, डब्यातले सैनिक गायला लागतात. त्यांच्याकडून एका जिप्सी व्हायोलिनवाल्याच्या कानावर पडते आणि रात्री थेट राजकन्येच्या सज्जात! दोघांनी एकमेकांना पाहिलेलंही नाही आणि तिच्या तोंडी त्याचंच गाणं. संगीत रिचर्ड रॉजर्स, शब्द लोरेन्झ हार्ट.

डी-२०१ (ताई): वा! म्हणजे गाण्यासाठी गोष्ट थांबत नाही, गाणंच तिला पुढे नेतं. त्याच वर्षी आपल्याकडे प्रभातचा 'अयोध्येचा राजा' आला. गोविंदराव टेंबे आणि दुर्गाबाई खोटे स्वतःच गायलेत. पार्श्वगायन तेव्हा कुठलं?

बी-७०२ (काका): बरोबर. तिकडेही बोलपट नवाच होता. कॅमेऱ्याची घरघर माइकमध्ये येऊ नये म्हणून सुरुवातीला कॅमेरा बंद खोक्यात कोंडायचे, त्यामुळे तो जागचा हलेना. दिग्दर्शक लुबिट्शने त्यातूनही वाट काढली. 'मोंटे कार्लो' (१९३०) मध्ये आगगाडीच्या ठेक्यावर मॅकडोनल्ड गाते आणि खिडकीबाहेर शेतातली माणसं सूर मिळवतात. फार सुंदर.

ए-६०३ (काकू): सगळं खरं, पण मला 'टॉप हॅट' हवा. १९३५, फ्रेड अस्टेअर आणि जिंजर रॉजर्स. लंडनच्या बागेत पाऊस सुरू होतो, दोघं बँडस्टँडमध्ये अडकतात. तिच्या अंगावर घोडेस्वारीचे कपडे. तो गातो, ती ऐकून न ऐकल्यासारखं करते. मग तो चालायला लागतो आणि ती मागून हुबेहूब त्याची नक्कल करते. त्याने एक पाऊल टाकलं की तिचं उत्तर तयार. बरोबरीच्या दोन माणसांचं प्रेम आहे ते. शेवटी काय, तर हस्तांदोलन! अस्टेअरचा आग्रह असायचा की नाचताना पूर्ण शरीर दिसलं पाहिजे आणि मध्ये कापाकापी नको. म्हणून तर तिचा राग विरघळताना दिसतो.

सी-३०४: काकू, हे मला बघायचंय. काकांचा सिनेमा किती वेळाचा?

बी-७०२ (काका): दीड तासाचा. मूळ याहून मोठा होता. सेन्सॉरचे नियम कडक झाल्यावर पुन्हा प्रदर्शित करताना काही भाग कापले, ते आजवर मिळालेले नाहीत. फार हळहळ वाटते. पण आहे तेवढ्यानेही पोट भरतं.

ए-१०२ (सेक्रेटरी): मग या शनिवारी 'लव्ह मी टुनाईट', पुढच्या महिन्यात 'टॉप हॅट'. चालेल?

ए-६०३ (काकू): चालेल. सबटायटल इंग्रजीच असणार. आजीमंडळींसाठी गाण्यांचा मतलब मी मराठीत लिहून देते. झेरॉक्स कोण काढेल?

डी-२०१ (ताई): मी काढते. शुक्रवारपर्यंत कागद द्या, काकू.