शब्दचर्चा: हर्ट, दुखावणे, लागणे

पाटीपेन्सिल: चीनमधल्या श्यामेन शहरातल्या चौघांना ऑनलाइन इंग्रजी शिकवते. काल एकाने लिहिलं, 'आय हर्टेड बाय माय बाइक.' सायकलवरून पडला, गुडघ्याला लागलं. तिन्ही रूपांत 'हर्ट'च हे त्याला पटलं. चिनी क्रियापद काळानुसार बदलतच नाही, त्यामुळे 'एड' शिकला की दिसेल तिथे चिकटवतो. पण 'आय हर्ट माय नी' असं करून दिलं तर म्हणे, "मी मुद्दाम नाही पडलो!" त्यांचा शब्द शोउशांग, त्यातला 'शोउ' म्हणजे सोसणं, वाट्याला येणं. कसं समजावू?

मधली आळी: आपलं 'घेणं' आठवा. आई काय ओरडायची? "घेतलास ना हात भाजून!" मुद्दाम कोण भाजतं?

पाटीपेन्सिल: वा! पण हे चिनीत कसं नेऊ?

फाटकी छत्री: दुखण्याचं तर आणखी मजेशीर. ते म्हणतात 'वो थ्वेइ थंग', शब्दशः 'मी पाय दुखरा'. मग इंग्रजीत 'माय लेग इज व्हेरी पेन'. हसू नका, आपण 'माय लेग इज पेनिंग' म्हणतोच. मी तर परदेशी डॉक्टरसमोर म्हणालो होतो. तो दोन क्षण थांबला नि म्हणाला, 'सो, इट हर्ट्स?'

काना मात्रा: 'पेनिंग'ला चूक का म्हणायचं? कोट्यवधी लोक बोलतात. चीड येते ती 'मी खूप हर्ट झाले'ची. 'दुखावले' मेलंय का?

गोडबोली: अर्थ वेगळाय हो. दुखावलेली आत्या तीन लग्नांना येत नाही. हर्ट झालेली मैत्रीण संध्याकाळी भेळ खाते.

काना मात्रा: हे सगळे आळशीपणाचे बहाणे. 'इजा झाली' म्हणा.

फाटकी छत्री: इजा अरबी, जखम फारसी. आणि 'हर्ट' तरी कुठे अस्सल इंग्रजी? जुन्या फ्रेंचमधल्या 'धडकणे'वरून आलंय. सोवळं कुणाकुणाला नेसवणार?

उत्तररात्र: चिनी शब्द शांगहाय, म्हणजे इजा करणं. (शांघाय शहर वेगळं, सूर वेगळे.) 'चिनी जनतेच्या भावना दुखावल्या' हे त्यांच्या सरकारचं ठरलेलं वाक्य. तिथल्या कम्युनिस्ट पक्षाच्या 'पीपल्स डेली' या दैनिकात ते 1959 साली आलं ते सीमावादात, भारताला उद्देशून! त्यामुळे 'हर्ट द फीलिंग्ज' तुमच्या विद्यार्थ्यांना शिकवावं लागणार नाही.

गोडबोली: भावना दुखावण्यात आपणही मागे नाही.

पाटीपेन्सिल: मूळ प्रश्नाकडे येऊ का? दुसरीने लिहिलंय, 'द टायफून हर्ट मेनी हाउसेस.' मी 'डॅमेज्ड' केलं. सांगितलं, जिवाला हर्ट, वस्तूला डॅमेज. तर तिने बातमीतलं वाक्य आणलं, टायफूनने पर्यटनाला 'हर्ट' केलं. तेही बरोबरच! धंद्याला चालतं, मग कौलांना का नाही?

मधली आळी: धंदा बुडाला की माणसाला लागतं, म्हणून असेल. बाय द वे, दुखापत म्हणजे दुःख अधिक आपत्, बरोबर ना?

काना मात्रा: आपत् वगैरे ओढूनताणून आहे. आणि 'बाय द वे' काय?

मधली आळी: बरं, जाता जाता. पण मग तो 'पत' आला कुठून ते सांगा.