विद्यार्थ्यांचं डिझाइन, वापरणाऱ्यांचे हात : तुमचे अनुभव

गोव्यात बोंडूच्या, म्हणजे काजूफळाच्या दिवसांत डिझाइनची मुलं आपले नमुने घेऊन काजूबागेत, बाजारात, धक्क्यावर येतात. चाचणी कशी घ्यावी, काय मोजावं, काय फसतं, तेवढंच लिहा. वस्तू किती देखणी होती ते नको.

सत्तरी
बोंडूपासून काजूबी सोडवायच्या अवजाराबद्दल. चाचणी झाडाखालीच आणि त्याच सकाळी वेचलेल्या बोंडूंवर घ्या. दुपारपर्यंत बोंडू मऊ पडतात, मग कुठलंही अवजार वाईटच ठरतं. प्रत्येकीला दहा-दहा किलोंचे दोन ढीग द्या, एक हाताने करायला, एक अवजाराने. निम्म्या बायकांनी सुरुवात हाताने करायची, निम्म्यांनी अवजाराने. नाहीतर दुसऱ्या ढिगाला येणारा थकवा अवजाराच्या माथी बसतो. पहिली पाच मिनिटं धरू नका, ती सवय होण्यात जातात. वेळेसोबत 100 बियांमागे कितींना गर चिकटून राहिला तेही मोजा. त्या गराला वाळवताना बुरशी धरते, त्यामुळे वेगात जिंकलेलं अवजार बऱ्याचदा इथे हरतं.

पातं साध्या लोखंडाचं नको. बोंडूतल्या टॅनिनमुळे पातं आणि रस दोन्ही काळे पडतात, आणि तो रस पुढे भट्टीवर हुर्राकासाठी, म्हणजे काजूच्या दारूसाठी जायचा असतो. स्टेनलेस स्टील वापरा. वर्कशॉपमध्ये कोरड्या हातात छान बसणारी गुळगुळीत मूठ रसाने बरबटलेल्या हातात फिरते. सुतळी गुंडाळली तर ती रस पिते. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा चढवा, फिरायची थांबते.

म्हापसा
मासळीच्या बर्फपेटीचा पुठ्ठ्याचा नमुना बाजाराच्या ओल्या फरशीवर बघताबघता लोळतो. जाहिरातींच्या फलकाला वापरतात त्या पोकळ प्लास्टिक शीटचा करा, खऱ्या मापाचा. रिकामी पेटी उचलायला लावून काहीच कळत नाही. आत 12 किलो बर्फ आणि तितकीच वाळू भरा, मग ती बसच्या पायरीवर चढते का बघा. शुक्रवारी जाऊ नका, बाजार भरलेला असताना तुमच्याकडे बघायला कुणाला वेळ? 1 जून ते 31 जुलै मासेमारीबंदीच्या काळातली चाचणीही फसवी, पेटी तेव्हा भरतच नाही.

आणि "कशें दिसता?" विचारलंत की "बरें आसा" हेच ऐकू येणार. पोरांचं मन कोण मोडणार! पेटी तीन दिवस तिथेच ठेवा आणि न सांगता जाऊन बघा. आत छत्री आणि जेवणाचा डबा सापडला, तर उत्तर मिळालं.

बेती
फेरीबोटीच्या वेळांचं ॲप, कागदावर काढलेल्या मोबाइलच्या पडद्यांवर. तिघं पुरतात : एक काम सांगणारा, एक कागद बदलणारा, एक लिहून घेणारा. शेजारी उभं राहून कुणी बोट दाखवलं की चाचणी तिथेच संपली. काम सांगताना बटणावरचा शब्द तोंडातून जाऊ देऊ नका. "ही बोट चुकली तर किती वेळ थांबावं लागेल?" एवढंच विचारा. उन्हात पडदा दिसतो का हे कागद सांगत नाही, त्यासाठी चाचणीची शेवटची फेरी खऱ्या मोबाइलवर, भर दुपारी धक्क्यावर.

वस्तू वापरायला किती सोपी ते मोजणारी जॉन ब्रुक यांची 1986ची दहा विधानांची प्रश्नावली (प्रत्येक विधानाला 1 ते 5 गुण) वापरणार असाल तर : विषम क्रमांकाच्या प्रत्येक विधानाच्या गुणांतून 1 वजा, सम क्रमांकाच्या प्रत्येकाचे गुण 5 मधून वजा, एकूण बेरीज गुणिले 2.5. येतो तो आकडा टक्के नव्हे, 68 ही साधारण सरासरी मानतात. सम विधानं नकारार्थी असल्याने नुसती वाचून दाखवली की लोक उलटं उत्तर देतात. "म्हणजे सोपं की कठीण?" असं पुन्हा विचारून खात्री करा. अडचणी शोधायला पाच माणसं ठीक, पण पाचांवर हा आकडा काढून अहवालात मिरवू नये.

काणकोण
वापरणाऱ्यांच्या वेळेचे पैसे खर्चात आधीच धरा. फोटो हातांचेच काढा. सुधारित आदोळीसाठी, म्हणजे नारळ खोवायच्या विळीसाठी, माणशी दोन नारळ न्या, खोवलेलं खोबरं वापरणारीच्याच घरी राहू दे. त्यात करवंटीलगतचा तपकिरी थर जास्त दिसला तर दात जास्त खोल जातात, ते थोडे घासून पुन्हा न्या.