रंग नको, टॅनिन बघा

जेवणासोबत कोणती वाइन घ्यावी, याचा 'मासे असतील तर व्हाइट, मांस असेल तर रेड' हा नियम अर्धाच खरा आहे. प्रश्न रंगाचा कमी, टॅनिनचा, म्हणजे वाइनमधल्या तुरट घटकाचा, जास्त. कोऱ्या कडक चहाने जीभ कशी खरखरीत होते? तोच तो तुरटपणा. भरपूर टॅनिन असलेली रेड वाइन कॅबर्ने सोव्हिन्यों नुसती प्यायली तर तोंड आवळतं. पण चरबीदार स्टेकचा घास घेऊन प्या, तीच वाइन एकदम मऊ लागते. कारण टॅनिन मांसातल्या प्रथिनांना जाऊन चिकटतं. उलट फ्रान्समधल्या बरगंडीची पिनो न्वार रेडच, पण टॅनिन कमी, त्यामुळे भाजलेल्या सॅमनशी छान जमते.

तिखटाचं गणित वेगळं. जास्त अल्कोहोल तिखट आणखी भडकवतं, त्यामुळे तिथे १४-१५ टक्के अल्कोहोलची शिराझ ही रेड वाइन नकोच. जर्मनीतल्या मोझेलची किंचित गोड व्हाइट वाइन रीसलिंग बघा, बऱ्याचदा ८-९ टक्केच असते.

आणि हो, गोड वाइन फक्त डेझर्टसोबतच असं काही नाही. रोकफोर या खारट फ्रेंच ब्लू चीजचा तुकडा, त्यावर सोतेर्न या गोड फ्रेंच व्हाइट वाइनचा घोट. मी आधी नाक मुरडलं होतं, मग बाटली संपवायला मीच पुढे!