मदत हवी आहे: ऑक्टोबरात बोनेर की फेब्रुवारीत कोझुमेल?

बोनेर आणि मेक्सिकोचं कोझुमेल, दोन्ही कॅरिबियन समुद्रातली बेटं. आम्हा दोघांना डायव्हिंगसाठी सुट्टी या दोनच महिन्यांत मिळतेय. कॅरिबियनमध्ये चक्रीवादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर, त्यामुळे ऑक्टोबरात कोझुमेल नकोच. बोनेर दक्षिणेला, वादळांच्या नेहमीच्या वाटेबाहेर. शिवाय तिथे डायव्हिंगच्या जागेची खूण असलेला रस्त्याकडेचा पिवळा दगड बघून गाडी लावायची, हवेची टाकी पाठीवर घ्यायची आणि किनाऱ्यावरून थेट पाण्यात! मला तेच फार आवडतंय. पण वारा उलटून पश्चिमेकडून लाटा आल्या, तर किती दिवस उतरता येत नाही?

फेब्रुवारीत कोझुमेलला उत्तरेचे वारे सुटले की बंदर छोट्या बोटींना बंद होतं. कुणाचे डाइव्ह असे रद्द झालेत का? पैसे परत मिळाले? आणि तेव्हा ३ मिमी जाडीचा वेटसूट (पाण्यात थंडी वाजू नये म्हणून घालायचा अंगाला घट्ट बसणारा पोशाख) पुरतो का? बायकोला पाण्यात लवकर हुडहुडी भरते.