भागीदारीतून निघालो तरी दुबईच्या देण्याची नोटीस मला! तातडीने मदत हवी

निफाडकर: कांदा निर्यातीच्या फर्ममधून मी ३१ मार्च २०२४ ला निवृत्त झालो. निवृत्तीपत्र नोटरी केलंय, त्यात सगळी देणी चालू भागीदाराची असं स्पष्ट लिहिलंय. तरी दुबईच्या व्यापाऱ्याच्या वकिलाची नोटीस माझ्या घरी आली. पंधरा दिवसांची मुदत, त्यातले सहा गेले. मी देणं लागतो का? हो की नाही, एवढंच सांगा.

वकीलकाकू: देणं कधीचं ते कळल्याशिवाय कसं सांगू? फर्म नोंदणीकृत आहे? जाहीर नोटीस दिली होती?

चांदवडचा: अजिबात लागत नाही. मी ट्रान्सपोर्टच्या भागीदारीतून निघालो तेव्हा पेपरात जाहिरात दिली, आजवर कुणी विचारलं नाही.

निफाडकर: नोंदणीकृत आहे. जाहिरात दिली नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये दुबईवाल्याने आगाऊ पैसे पाठवले, माल भरायचा होता आणि ८ डिसेंबरला निर्यातबंदी आली. तेच पैसे तो परत मागतोय.

चाळवाला: त्या बंदीने आमची कांद्याची चाळ सडवली. मे महिन्यात उठवली तीही टनाला ५५० डॉलर किमान दर आणि ४० टक्के शुल्क लावून. आमचं कोण भरून देणार?

वकीलकाकू: चाळवाले, त्यावर वेगळा धागा काढा, मीही लिहीन. निफाडकर, देणं तुम्ही भागीदार असतानाचं आहे. भागीदारी कायदा १९३२, कलम २५: सगळे मिळून आणि प्रत्येक जण स्वतंत्रपणे जबाबदार. निवृत्तीपत्र तुम्हा भागीदारांतलं, त्यावर दुबईवाल्याची सही नाही.

चांदवडचा: मग जाहिरातीला अर्थच नाही?

वकीलकाकू: आहे, पण निवृत्तीनंतरच्या देण्यांपुरता. आणि नोंदणीकृत फर्मला नुसता पेपर पुरत नाही. फर्म्सचे निबंधक, राजपत्र आणि स्थानिक भाषेतलं वर्तमानपत्र, तिन्ही लागतात. तुमचं झालं होतं का तेही बघा.

मुक्काम_शारजा: दुबई लांब आहे म्हणून गप्प बसू नका. जानेवारी २०२० पासून इथल्या, म्हणजे यूएईच्या, कोर्टाचा हुकूमनामा भारतातल्या जिल्हा न्यायालयात बजावता येतो.

एलएलपीप्रेमी: म्हणून मी सगळ्यांना सांगतो, एलएलपी, म्हणजे मर्यादित जबाबदारीची भागीदारी, काढा.

हिशेबनीस: भागीदार किती होते? दोघेच असाल तर एक गेल्यावर फर्म उरतच नाही, ते विसर्जन होतं. जीएसटी आयुक्तांना महिन्याभरात लेखी कळवलं का? नसेल तर कळवेपर्यंतच्या करालाही तुम्ही बांधील. बँकेचं पॅकिंग क्रेडिट, म्हणजे निर्यातीचा माल भरण्याआधीचं कर्ज, होतं?

निफाडकर: दोघेच होतो. मी निघालो त्याच दिवशी भागीदाराने आपल्या मुलाला घेऊन नवं भागीदारीपत्र केलं. जीएसटी सीए बघायचे. पॅकिंग क्रेडिटला माझी वैयक्तिक हमी आहे. पण मी दुबईचं विचारतोय हो!

हिशेबनीस: हमी निवृत्तीपत्राने सुटत नाही. बँकेला आजच लेखी कळवा, निदान पुढच्या उचलीतून तरी सुटाल.

वकीलकाकू: दुबईचंच बोलू. तुम्ही निघालात हे व्यापाऱ्याला ठाऊक होतं का? त्यानंतर तो कुणाशी बोलत होता?

निफाडकर: एप्रिलमध्ये भागीदाराने त्याला मेल केला होता, की मी निघालो, पैसे आता बापलेक चार हप्त्यांत देतील. त्याने मान्य असल्याचं कळवलं. एक हप्ता गेलाही.

वकीलकाकू: अहो, हे आधी सांगायचं! कलम ३२(२) नुसार व्यापारी, तुम्ही आणि नव्या फर्मचे भागीदार यांच्यात कराराने तुम्ही मोकळे होऊ शकता, आणि निवृत्ती कळल्यावर व्यापारी आणि नवी फर्म यांच्यात झालेल्या व्यवहारावरून असा करार गृहीतही धरता येतो. एका मेलवर कोर्ट मानेलच असं नाही, पण ही तुमची खरी बाजू. मेल आणि हप्त्याचा बँकेचा कागद घेऊन उद्याच वकील गाठा, मुदतीत उत्तर जाऊ द्या.

निफाडकर: मेल सापडला. हप्त्याचा कागद भागीदाराकडे आहे, तो सकाळपासून फोन उचलत नाही.