पन्हाळा ते पावनखिंड, ६२ वर्षांच्या बाबांना घेऊन जमेल का?

मुक्ता_चालते:
नमस्कार मंडळी. बाबा गेल्या वर्षी रिटायर झाले आणि तेव्हापासून एकच घोशा लावलाय, पन्हाळ्यावरून पावनखिंडीपर्यंत चालत जायचं, तेही जुलैमध्ये, भर पावसात. लहानपणी पणजोबांनी त्यांना शिवा काशीदांची गोष्ट सांगितली होती, महाराजांसारखे दिसायचे म्हणून पालखीत बसले आणि समोर मरण दिसत असताना सिद्दी जौहरच्या छावणीत गेले, ती सांगताना बाबांचा आवाज आजही भरून येतो. रोज सकाळी ५-६ किमी चालतात, बीपीची गोळी चालू आहे, गुडघे ठीक. पण अंतर ५० किमीच्या आसपास आहे म्हणतात आणि माझा जीव वरखाली होतोय. त्यांना नाही म्हणवत नाही. ज्येष्ठांना घेऊन कोणी गेलंय का?

वाटसरू_७८:
मी तीनदा चाललोय, एकदा सासऱ्यांना घेऊन. दोन दिवसांत करा, आंबेवाडीच्या आसपास मुक्काम. चढ फार मोठे नाहीत पण चिखल माणसाला दमवतो, प्रत्येक पाऊल उपसून काढायचं म्हटल्यावर पोटऱ्या भरून येतात. म्हाळुंग्यावरून वर गेलात की मसाईचं पठार, सपाट आणि लांबच लांब, पण धुकं उतरलं की दहा हातांवरचा माणूस दिसत नाही, तिथे वाट माहीत असलेला कोणीतरी हवाच.
आतापासून तयारी करा. सलग दोन दिवस १५-१५ किमी, मग २०-२०. एक दिवस चालणं वेगळं आणि दुसऱ्या दिवशी आखडलेल्या पायांनी उठून परत चालणं वेगळं. आणि डॉक्टरांना दाखवल्याशिवाय निघू नका.

रांगडा_गडी:
ताई, नक्की आणा बाबांना. फक्त १२-१३ जुलैच्या आसपास येऊ नका, १६६० साली महाराज ह्याच तारखेला गड उतरले म्हणून मोहिमांची गर्दी असतीय, हजारो पाय पडून वाटंचं पार लोणी झालेलं असतंय. आठ-दहा दिवस मागंपुढं करा. तिथीच पाळायची असली तर ती आषाढी पौर्णिमेची रात्र होती.
वाड्यांवर घरात जेवायची सोय होतीय, आधी सांगून ठेवा म्हंजे झालं. आणि एक हात जोडून सांगतो, त्या दिवसांत भाताची रोपं लावलेली असत्यात, बांधावरनंच चाला. चिखल चुकवायला म्हणून माणसं शेतात पाय घालत्यात, बघून जीव तुटतो.

ओली_पायवाट:
माझी आई तेव्हा ५९ वर्षांची होती. पहिला दिवस छान गेला, दुसऱ्या दिवशी दुपारी तिने मोजा काढला तर तळपाय पांढराफटक, सुरकुतलेला आणि टाचेची कातडी सुटून आलेली. तिथेच थांबलो, डांबरी रस्ता गाठून गाडी बोलावली. ती खूप रडली. पण पुढच्या वर्षी आम्ही जिथे थांबलो होतो तिथूनच पुन्हा सुरुवात केली आणि खिंड गाठली. त्यामुळे एक गाडी रस्त्याने सोबत ठेवाच, मोबाईलला रेंज मिळेल यावर राहू नका, भेटायच्या जागा आधीच ठरवा. मोज्यांचे चार जोड प्लास्टिकमध्ये गुंडाळून घ्या, मुक्कामाला पाय कोरडे करून खोबरेल तेल चोळा. जंगलात जळवा लागतात, ओढून काढू नका, मीठ लावा.

मुक्ता_चालते:
तुम्हा सगळ्यांचे मनापासून आभार. बाबांना सगळं वाचून दाखवलं. गाडीला ते आधी तयार नव्हते, "महाराजांबरोबरचे सहाशे बांदल मावळे एका रात्रीत चालत गेले" म्हणाले, पण तुमच्या आईंचं वाचून गप्प झाले आणि हो म्हणाले. तारीख जुलै अखेरची धरतोय. खिंडीतून पुढे विशाळगडापर्यंतही चालावं का?

वाटसरू_७८:
ते अंतर गाडीने करा. पण जा जरूर, बाजीप्रभू आणि त्यांचे भाऊ फुलाजी या दोघांच्या समाध्या गडावर आहेत. महाराज तिथे पोचले तेव्हा पायथ्याला सुर्वे-दळव्यांचा वेढा होता, तो फोडून वर जावं लागलं, बाबांना माहीत असेलच. गडावर जायला काही निर्बंध आहेत का ते आधी विचारून घ्या. खिंडीत उतरताना शिडी ओली असते, बाबांना मध्ये ठेवा, एकजण पुढे, एकजण मागे.
आणि सुरुवात थेट गडावरून करू नका. पायथ्याला शिवा काशीदांची समाधी आहे, आदल्या संध्याकाळीच बाबांना तिथे घेऊन जा, दुसऱ्या दिवशी निघायच्या गडबडीत धड दोन मिनिटं उभं राहणं होत नाही.